श्वास मोजण्याचा अधिकार

प्रशासनात काही वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पुरेपूर उमगलेली असते. एखाद्या कामासाठी पैसा आहे, साहित्य आहे, ते कसे करावे याचे ज्ञानही आहे. तरीही ते काम होत नाही. कारण ते करण्याचा अधिकार जिथे हवा तिथे पोचलेला नसतो. फाइल योग्य मेजावर असते, पण सही करणारा दोन पायऱ्या वर बसलेला असतो. महसूल, सिंचन, पुनर्वसन अशा सर्वच खात्यांत याची उदाहरणे सापडतात. परंतु या उशिराची किंमत ज्यात थेट लहान मुलांच्या जिवाने मोजली गेली, असे उदाहरण म्हणजे बालकांच्या न्यूमोनियाचा इतिहास. हा इतिहास सहसा वैद्यकाचा म्हणून सांगितला जातो. त्याचा अर्धा भाग प्रशासनाचा आहे, आणि तोच येथे मांडायचा आहे.

वैद्यकाचा भाग तसा लवकर आटोपला. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, एकाच जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याला न्यूमोकॉकस हे नाव मिळाले. १८८४ साली बर्लिनमध्ये न्यूमोनियाने मरण पावलेल्यांच्या फुप्फुसांतील जीवाणू स्पष्ट दिसावेत म्हणून हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी रंग देण्याची एक पद्धत शोधली. ती आजही प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाते. १८९२ साली रिशार्ड फायफर यांना दुसरा एक जीवाणू सापडला. इन्फ्लुएन्झाचे कारण हेच, असा त्यांचा समज झाला. तो समज चुकीचा ठरला, पण हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे नाव मात्र चिकटले. १९३१ साली मार्गारेट पिटमन यांनी या जीवाणूचा 'टाइप बी' हा सर्वांत घातक प्रकार वेगळा करून दाखवला. बालकांचा न्यूमोनिया विषाणूंमुळेही होतो. परंतु जीव घेणाऱ्या न्यूमोनियात या दोन जीवाणूंचा वाटा फार मोठा होता.

औषधही फार काळ दूर राहिले नाही. १९३८ साली सल्फापिरिडिन आले, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन. स्वतंत्र भारताने या बाबतीत दिरंगाई केली असेही म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. म्हणजे १९५५ साली भारतापाशी रोगाचे ज्ञान होते, औषध होते आणि औषधाचा स्वतःचा कारखानाही होता. तरीही पुढची कित्येक दशके खेड्यापाड्यांतील मुले न्यूमोनियाने मरतच राहिली. असे का झाले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी या रोगाची गती समजून घ्यावी लागते. फुप्फुसांतील हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये पू आणि पाणी साचले की फुप्फुस ताठर होते. मग मुलाला खोल श्वास घेता येत नाही. खोलीची भरपाई ते संख्येने करू पाहते, म्हणून श्वास जलद होतो. आजार वाढला की श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो, कारण तान्ह्या मुलाच्या फासळ्या मऊ असतात. पुढे दूध तुटते, ग्लानी येते. धाप लागल्यापासून अंतापर्यंतचा हा प्रवास पुष्कळदा दोन-चार दिवसांचा असतो. नवजात अर्भकात त्याहूनही कमी. या दोन-चार दिवसांत घरच्यांच्या लक्षात येणे, बैलगाडी किंवा बस मिळणे, दवाखाना गाठणे, तेथे डॉक्टर भेटणे आणि औषध असणे हे सारे जुळून यावे लागते. पावसाळ्यात नाला भरला की हा हिशोब तिथेच संपतो.

लोकांना हा आजार ओळखता येत नव्हता असे मुळीच नाही. हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांनी 'पसली चलना' हा शब्दप्रयोग नक्कीच ऐकला असेल. आपल्याकडे 'छाती उडते' किंवा 'बाळाला डबा झाला' असे म्हणतात. म्हणजे छाती आत ओढली जाण्याचे जे लक्षण नंतर जागतिक मार्गदर्शक सूचनांत समाविष्ट झाले, त्याला गावातील आयाबायांनी आधीच नाव दिले होते. कमतरता होती ती त्या ओळखीला योग्य उपचार जोडून देण्याची. त्या पोकळीत मग भलतेच उपाय शिरले. मध्य प्रदेशाच्या आदिवासी भागात अशा मुलांच्या पोटावर तापल्या लोखंडाने डाग देण्याची 'दागना' ही प्रथा आहे. २०२३ साली शहडोल जिल्ह्यात अशा प्रकारे डागलेल्या बालकांच्या मृत्यूच्या बातम्या देशभर गाजल्या. डागणाऱ्या म्हातारीला अडाणी ठरवणे सोपे आहे. परंतु तिने मुलाचा आजार ओळखला होता आणि तिच्या हाताशी दुसरे काही नव्हते, हे प्रशासकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

रोगनिदान गावाबाहेर गेले त्याला एक साधन कारण झाले. १८१६ साली रेने लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला, आणि तेव्हापासून छातीच्या रोगाचे निदान म्हणजे कानाने ऐकण्याचे कसब असा संकेत रूढ झाला. पुढे त्यात क्ष-किरणाची भर पडली. दोन्ही गोष्टी मौल्यवानच. पण दोन्हींमुळे निदानाचा अधिकार डॉक्टरच्या खोलीत बंदिस्त झाला. तो पुन्हा बाहेर काढण्याचे काम सुरू झाले ते पापुआ न्यू गिनी या दूरच्या डोंगराळ देशात. तेथे डॉक्टर विरळा होते आणि खेड्यांतील मदतकेंद्रांवरचे अल्पशिक्षित सेवकच पेनिसिलिनची इंजेक्शने देत. गोरोका येथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान यांनी गंभीर न्यूमोनिया झालेल्या मुलांच्या फुप्फुसांतून सुईने नमुने घेऊन त्यांत जीवाणू आहेत हे दाखवले. त्याच सुमारास, १९८४ साली, कोणत्या मुलाला प्रतिजैविक द्यावे आणि कोणत्या मुलाला रुग्णालयात पाठवावे याच्या साध्या कसोट्याही त्यांनी मांडल्या. मुलाचे श्वास मोजा आणि छाती आत ओढली जाते का ते पाहा, हा त्यांचा गाभा होता. १९८८ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी याच कसोट्या तपासल्या आणि वयानुसार वेगळे आकडे सुचवले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने जे प्रमाण ठरवले ते आजही चालू आहे: दोन महिन्यांखालील अर्भकाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक. ज्याला खोकला आहे आणि श्वास या आकड्यांपुढे आहेत, त्याला न्यूमोनिया समजून औषध सुरू करावे.

या कसोटीचे प्रशासकीय महत्त्व मोठे आहे. खोकला झालेल्या मुलांपैकी बहुतेकांना साधी सर्दी असते. प्रत्येकाला प्रतिजैविक देणे म्हणजे औषधाची नासाडी आणि जीवाणूंना ते पचवायला शिकवणे. कोणालाच न देणे म्हणजे काही मुलांना मरू देणे. या दोहोंमधील निवड आता घड्याळ आणि मोजणी यांवर आली. निर्णय नियमबद्ध झाला की तो खालच्या पातळीवर सोपवता येतो. अधिकार खाली देताना वरिष्ठांना जी भीती वाटते ती मुख्यतः खालच्याने मन मानेल तसा निर्णय घेण्याची असते. स्पष्ट निकष त्या भीतीला उत्तर देतो.

आता भारताकडे वळू. हा अधिकार खाली देण्याचा प्रयोग आपल्याकडे कसोट्या ठरण्याच्या आधीच झाला होता. पंजाबात लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल येथे, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने एक प्रकल्प चालला. त्याचे प्रमुख कार्ल टेलर हे मसुरीत जन्मलेले होते. तेथे गावात राहणाऱ्या स्त्री आरोग्य कार्यकर्त्या न्यूमोनिया ओळखून पेनिसिलिन देत, आणि त्याने बालमृत्यू घटले हे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. महाराष्ट्रात जामखेड येथे रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने समाजातूनच आरोग्यसेवक निवडण्याची शिफारस केली, आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने सामुदायिक आरोग्यसेवक योजना सुरू केली.

कायद्याचा अडसर किती होता? येथे एक बारीक पण महत्त्वाची तरतूद सांगायला हवी. १९४० च्या औषधविषयक अधिनियमाखाली १९४५ साली जे नियम झाले, त्यांच्या अनुसूची 'के' मध्ये सवलतींची यादी आहे. सरकारच्या आरोग्य किंवा कुटुंबकल्याण कार्यक्रमातील औषधे बहुउद्देशीय कर्मचारी, सामुदायिक आरोग्यसेवक, परिचारिका, प्रसाविका आणि अंगणवाडी सेविका यांनी पुरवल्यास त्यांना विक्री-परवाना लागत नाही, अशी नोंद त्या यादीत आहे. म्हणजे गावच्या सेविकेच्या हातात सरकारी औषध देण्याची वाट कायद्यात उपलब्ध होती. खरी अडचण, कोणते औषध कोणाच्या हाती द्यायचे याविषयीच्या शासकीय निर्णयांत आणि त्यामागच्या अविश्वासात होती.

तो अविश्वास आकड्यांनी खोडून काढण्याचे काम गडचिरोलीत झाले. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जंगलव्याप्त जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था स्थापन केली. १९८८ साली त्यांनी ५८ गावांत न्यूमोनियाच्या उपचाराचा प्रयोग सुरू केला आणि ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. पहिल्या गटात पाच वर्षांखालील ६,१७६ मुले होती, दुसऱ्यात ३,९४७. लोकांना न्यूमोनियाची लक्षणे समजावून दिली गेली. निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि परंपरागत दाया यांना श्वास मोजून को-ट्रायमोक्साझोल देण्याचे शिक्षण मिळाले. दायांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि पन्नास-साठपर्यंत मोजणे अवघड होते. त्यांच्यासाठी एक साधे यंत्र तयार झाले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले की पुरे.

निकाल १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी आढळले, एकूण बालमृत्यू ३० टक्क्यांनी. औषधाचा खर्च एका वाचलेल्या जिवामागे तीन डॉलरहूनही कमी होता. नेपाळातील जुमला या दुर्गम जिल्ह्यातूनही १९९१ साली असाच अनुभव प्रसिद्ध झाला. २००३ साली अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू सरासरी ३६ टक्क्यांनी घटतात असे दिसले. १९९० नंतर हा प्रश्न पुराव्याचा उरलाच नव्हता.

शासनाने काय केले? न्याय्य बोलायचे तर, दुर्लक्ष केले नाही. १९९० साली १४ जिल्ह्यांत तीव्र श्वसनसंसर्ग नियंत्रणाचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला. १९९२ पासून तो बालजीवित्व व सुरक्षित मातृत्व कार्यक्रमाचा भाग झाला आणि को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या उपकेंद्राच्या औषधपेटीत आल्या. अधिकार डॉक्टरकडून एएनएमपर्यंत उतरला. ही मोठीच पायरी होती. परंतु एक उपकेंद्र सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येसाठी असते. त्या लोकसंख्येत चार-सहा पाडे, मध्ये जंगल, आणि एएनएम लसीकरणाच्या फेरीवर. गडचिरोलीतील दाई ज्या घरात बाळ होते त्याच्या शेजारी राहत होती. यशाचे मर्म औषधाइतकेच या अंतरात होते.

गावपातळीची पायरी हळूहळू आली. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि 'आशा' कार्यकर्ती अस्तित्वात आली. गडचिरोलीत १९९५ ते १९९८ या काळात गावातील आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली होती. जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शनही त्या देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली नवजात बालकांची घरभेट देशभर आशांकडे सोपवली गेली. इंजेक्शन मात्र वगळले. २०१४ साली जेंटामायसिन देण्याची परवानगी एएनएमला मिळाली, तीही विशिष्ट परिस्थितीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांधीनगर येथे 'सांस' ही न्यूमोनियाविरोधी मोहीम जाहीर झाली. तिच्यात आशाने अमॉक्सिसिलिनची पहिली मात्रा देऊन मुलाला पुढे पाठवावे अशी तरतूद आहे. गडचिरोलीची निरक्षर दाई पाच दिवसांचा पूर्ण उपचार करीत होती. तीस वर्षांनी आठवी-दहावी शिकलेल्या आशेच्या वाट्याला पहिली मात्रा आली. काहीच न देण्यापेक्षा पहिली मात्रा कितीतरी बरी, यात शंका नाही. पण पुढचा रस्ता आणि पुढचा डॉक्टर आहेच, हे तीत गृहीत धरलेले आहे.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. जलद श्वास दम्यातही लागतो, तापातही लागतो. म्हणून काही मुलांना विनाकारण प्रतिजैविक मिळते. शिवाय १९९० च्या दशकात को-ट्रायमोक्साझोलला न जुमानणारे जीवाणू वाढू लागले आणि जागतिक आरोग्य संघटनेला अमॉक्सिसिलिनकडे वळावे लागले. कराचीतील एका चाचणीत नुसता जलद श्वास असलेल्या मुलांना एकीकडे अमॉक्सिसिलिन आणि दुसरीकडे औषधविरहित मात्रा दिली गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात उपचार फसण्याचे प्रमाण अनुक्रमे २.६ आणि ४.९ टक्के होते. म्हणजे बहुसंख्य मुले औषधाविनाही बरी झाली असती. पण कोणती, हे आधी सांगता येत नाही, आणि औषधाने फरक पडतो हेही खरे. या आक्षेपांतून निकष अधिक काटेकोर झाले, हा त्यांचा लाभ. पण गावातील औषधविक्रेता आणि बिनपदवीचा 'डॉक्टर' कोणताही निकष न पाळता तीच औषधे विकत होता. मोजून देणाऱ्या सेविकेला अडवून न मोजता विकणाऱ्याला मोकळे रान, असा त्या सावधपणाचा व्यवहारातील अर्थ झाला.

दुसरी वाट लसीची. तिच्यात हा प्रश्नच बाजूला पडतो, कारण लस देताना निदान करावे लागत नाही. ठरल्या दिवशी ठरला डोस द्यायचा. हिमोफिलस टाइप बी विरुद्धची लस पंचगुणी लसीतून डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत सुरू झाली आणि पुढे देशभर पोचली. न्यूमोकॉकसविरुद्ध लहान मुलांत परिणामकारक ठरणारी लस अमेरिकेत २००० साली आली. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ती मे २०१७ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि बिहार व उत्तर प्रदेशाच्या काही जिल्ह्यांत शिरली, आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. हा उशीर मुख्यतः किमतीचा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारच्या न्यूमोकॉकसविरुद्धची स्वस्त लस तयार केली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचे अनावरण झाले. पेनिसिलिनसाठी पिंपरी आणि लसीसाठी हडपसर, असा पुण्याचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. मात्र न्यूमोकॉकसचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, आणि न्यूमोनियाचे जीवाणूही अनेक. लसीने ओझे कमी होते, पण श्वास मोजण्याची गरज संपत नाही. २०१९ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

या इतिहासातून प्रशासकाने घ्यावयाचे धडे मला तीन दिसतात.

पहिला, अधिकार किती खाली द्यायचा हे पदाच्या प्रतिष्ठेवरून ठरवू नये, वेळेवरून ठरवावे. दोन दिवसांत जीव घेणाऱ्या रोगाचा निर्णय दोन दिवस दूर असलेल्या माणसाकडे ठेवणे म्हणजे निर्णय न घेणेच.

दुसरा, नुसता आदेश काढल्याने अधिकार पोचत नाही. श्वास मोजण्याचे घड्याळ, बालकांच्या मात्रेतील गोळ्यांचा अखंड साठा आणि महिन्याकाठी येऊन नोंदवही तपासणारा पर्यवेक्षक हे तिन्ही असले तरच तो खरा. गडचिरोलीत ते तिन्ही होते. अनेक जिल्ह्यांत आदेश पोचला आणि गोळ्या संपलेल्या राहिल्या.

तिसरा, मृत्यूची नोंद प्रामाणिक हवी. महाराष्ट्रातील बालमृत्यूंवर २००१ साली आलेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवले की सरकारी नोंदींत येणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी अधिक मुले मरत होती. जो मृत्यू नोंदलाच जात नाही, त्याच्यासाठी कोणीही अधिकार मागत नाही आणि कोणी देतही नाही.

जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत रस्ते, पाणी, वसुली यांचे तक्ते येतात. त्यांतच एक छोटा तक्ता मागवता येईल: किती आशांकडे चालू स्थितीतील घड्याळ आहे, किती जणींकडे अमॉक्सिसिलिन शिल्लक आहे, आणि गेल्या महिन्यात किती मुलांचे श्वास मोजले गेले. तो मागवायला नवा कायदा लागत नाही, नवे अनुदानही लागत नाही. बैठक घेणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढा अधिकार आजही आहे.